मानसशास्त्र शिकवताय? पहिल्या तासाला व्याख्या नको, ‘झोप’ घ्या

जूनच्या शेवटी दरवर्षी मला असे दोन-तीन फोन येतातच. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) नवीन लागलेली पोरं-पोरी, नेट-सेट झालेली, विषय पक्का, आणि प्रश्न एकच, मॅडम उद्या बी.ए. पहिल्या वर्षाचा पहिला तास आहे, काय घेऊ? यंदा एकीचा आला तेव्हा ती म्हणाली व्याख्या आणि स्वरूप घेते, पीपीटी तयार आहे. म्हटलं ठेव बाई ती पेनड्राइव्हमध्येच, लाईट तशीही जाणार आहे. मग तासभर बोललो, आणि ठेवताना ती म्हणाली हे सगळं लिहून द्या ना, म्हणून हे.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात चौदा वर्षं शिकवते. पटावर ८०-९० नावं, तासाला ४०-४५ डोकी, त्यातली निम्मी एसटीने येणारी, मराठी माध्यमाची. त्यामुळे खाली जे आहे ते या वर्गासाठी आहे, मोठ्या शहरातल्या एसी वर्गाचं मला ठाऊक नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. अख्ख्या कॉलेजात माणूस शिकतो कसा आणि विसरतो कसा हा ज्याचा विषयच आहे असा मास्तर एकच, तो म्हणजे तुम्ही. आणि तरी आपण ‘विस्मरणाची कारणे’ हा मुद्दा चाळीस मिनिटं नोट्स डिक्टेट करून शिकवतो, पोरं मान खाली घालून उतरवतात, घंटा होते, संपलं. म्हणजे स्वयंपाकाच्या मास्तरने उपाशी ठेवल्यासारखं झालं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की धड्यात जे शिकवतो ते त्याच वर्गावर वापरायचं, वेगळं काही आणायची गरज नाही.

पहिला तास

फळ्यावर काही लिहू नका. ‘सायके’ आणि ‘लोगॉस’ ही सायकॉलॉजी शब्दाची ग्रीक फोड नको, वुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तेही आज नको, ती कुठे पळून जात नाही. सगळ्यांना पेन खाली ठेवायला सांगा आणि ही यादी साधारण दीड-दोन सेकंदाला एक शब्द अशा चालीने, सपाट आवाजात वाचा: अंथरूण, उशी, रात्र, स्वप्न, पांघरूण, जांभई, घोरणं, गादी, डुलकी, थकवा, पलंग, विश्रांती, गजर, अंगाई, पहाट. मग एक मिनिट इकडचं तिकडचं बोला, कोण कुठल्या गावचं वगैरे, आणि मग म्हणा आठवतील तेवढे शब्द लिहा, अंदाज मारू नका, ऐकलेलेच लिहा.

लिहून झालं की विचारा ‘पांघरूण’ कोणी लिहिलं, हात वर. ‘गजर’ कोणी. आणि मग अगदी त्याच सुरात, ‘झोप’ कोणी लिहिलं?

बरेच हात वर येतात. यादीत ‘झोप’ नाहीच. हे सांगितलं की वर्गात जो कालवा होतो तो ऐकण्यासारखा असतो, मॅडम तुम्ही म्हणालात, मी ऐकलंय, शप्पथ. एक-दोन पोरं तर भांडायलाच उठतात, आणि नेमकं तिथेच तुमचा विषय सुरू होतो, कारण आता वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःच्या डोक्याबद्दल एक प्रश्न पडलाय जो दहा मिनिटांपूर्वी नव्हता. तेव्हा सांगा की ही युक्ती जेम्स डीझने १९५९ मध्ये वापरली आणि १९९५ मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉट या दोघांनी ती परत काढली, पंधरा शब्दांच्या याद्यांवर त्यांना न ऐकलेला शब्द ५५ टक्के वेळा सापडला. तुमच्या वर्गाचा आकडा तिथेच काढा, किती हजर, किती हात, टक्के किती, फळ्यावर लिहा. झाला की पहिला प्रयोग, आणि आकडेमोडही झाली, स्टॅटिस्टिक्सचं नाव न काढता.

एक सावधगिरी, आधी ‘नीट ऐका हं, गंमत आहे’ असं म्हणू नका, सावध झालेली पोरं कमी फसतात. आणि ते कागद गोळा करून जपून ठेवा, फेकू नका. पुढे लागतात.

शब्दांचा घोळ

मराठी माध्यमात आपला अर्धा त्रास शब्दांचा आहे. व्हेरिएबलला, म्हणजे प्रयोगात बदलणाऱ्या गोष्टीला, एक पुस्तक चल म्हणतं, दुसरं परिवर्त्य म्हणतं, तिसरं परिवर्तक म्हणतं, आणि पोराला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सेन्सेशनला वेदन, परसेप्शनला संवेदन, आणि घरी आईची कंबर दुखते तीही वेदनाच. मी सुरुवातीला शब्द आधी आणि उदाहरण नंतर असं शिकवायचे, आता उलटं करते, आधी घडलेली गोष्ट, मग ‘याला काय म्हणाल तुम्ही’, मग पुस्तकातला शब्द, आणि शेवटी इंग्रजी, कारण एम.ए.ला गेल्यावर ते लागणारच आहे. पहिल्याच आठवड्यात सांगून टाका की या वर्गात आपण अमुक शब्द वापरू, बाकीचे पेपरात दिसले तर दचकू नका.

उदाहरण म्हणून अभिजात अभिसंधान (क्लासिकल कंडिशनिंग, एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसणं) घ्या. पावलोव्हचं खाण्याच्या खुणेनेच लाळ गाळणारं कुत्रं पाठ सगळ्यांना असतं, बारावीला येऊन गेलेलं असतं, पण कुल्फीवाल्याची घंटा वाजल्यावर तोंडाला पाणी सुटतं त्यात नैसर्गिक उद्दीपक कुठला आणि अभिसंधित कुठला असं विचारलं की निम्मा वर्ग घंटेला नैसर्गिक म्हणतो, खरं तर नैसर्गिक ती कुल्फी. म्हणजे कुत्रं पाठ झालं, अभिसंधान नाही झालं. म्हणून कुत्रं शेवटी घ्या. आणि जाता जाता सांगा की पावलोव्हला १९०४ चं नोबेल पचनाच्या संशोधनासाठी मिळालं होतं, अभिसंधानासाठी नाही, पोरांना हे आवडतं, का कोण जाणे.

सगळ्यात जास्त मार खातो तो ऋण प्रबलनाचा (निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट) मुद्दा. ऋण म्हणजे वाईट, वाईट म्हणजे शिक्षा, अशी सरळ उडी मारतात, आणि मी पेपर तपासते तेव्हा दहातले सात तसंच लिहितात. आता माझं एकच ठरलेलं उदाहरण आहे. आई सकाळपासून कटकट करतेय दळण आण, दळण आण. तू दळण आणलंस. कटकट थांबली. पुढच्या रविवारी तू काय करशील? मॅडम, ती बोलायच्या आधीच आणीन. मग तुझं दळण आणणं वाढलं का कमी झालं? वाढलं. कशामुळे, काही मिळालं का काही गेलं? कटकट गेली. हां, नकोशी गोष्ट गेली म्हणून वर्तन वाढलं, हे ऋण प्रबलन. आणि दळण सांडलंस म्हणून पाठीत धपाटा बसला आणि तू पुन्हा सांडलं नाहीस, ही शिक्षा. यानंतर एक जण हमखास विचारतो, मग आईच्या बाजूने बघितलं तर? वाह. कटकट केली की दळण येतं, म्हणजे आईच्या कटकटीला धन प्रबलन मिळतंय, म्हणून ती थांबत नाही. असा प्रश्न आला की त्या दिवशी हजेरी घ्यायची विसरले तरी चालतं मला.

शेवटची सात मिनिटं

आता मुख्य गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी ही करा. तास संपायला सात मिनिटं राहिली की वह्या बंद, कोरा अर्धा कागद, आणि आज काय झालं ते आठवून लिहायचं. न बघता. पाच मिनिटं लिहायचं, दोन मिनिटं वही उघडून काय राहिलं त्यावर लाल खूण करायची. मार्क नाहीत, सही नाही, कागद त्यांच्याकडेच.

हे का, तर तोच रोडिगर, या वेळी कार्पिकेबरोबर, २००६. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आले आणि आठवणारे ६१ वर राहिले. आणि यातली खरी गोम अशी की आपल्याला किती लक्षात राहील असं विचारल्यावर नुसतं वाचणाऱ्या गटालाच जास्त खात्री होती. आपली पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चार वेळा वाचून ‘झालंय सगळं’ म्हणून झोपतात आणि सकाळी पेपर बघून ‘वाचलं होतं पण आठवेना’ म्हणतात, ते हेच. खोटं नाही बोलत ती. वाचताना ओळखीचं वाटतं ना, त्यालाच येतंय समजतात.

हे आकडे फळ्यावर मांडून दाखवा, नुसतं ‘स्वाध्याय करा रे’ म्हणून काही होत नाही. स्मृतीचं प्रकरण दुसऱ्या सत्रात असलं तरी हा एवढा तुकडा जुलैतच घ्या, सिलॅबसचा क्रम काही देवाने लिहिलेला नाही.

माझी फजिती पण सांगते. पहिल्या वर्षी मी ते कागद गोळा केले, तपासले, आणि उत्साहात इंटर्नलला पाच मार्क धरले. दोन आठवड्यांत कॉपी सुरू झाली. कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं त्याचीही कॉपी. माझीच चूक, मार्क लावले की ती परीक्षा होते आणि परीक्षेत पोरं जे करतात ते करणारच. तेव्हापासून मार्क बंद.

याच्या जोडीला सोमवारी तास सुरू होताना तीन प्रश्न, एक मागच्या तासाचा, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. अंतर ठेवून उजळणी, बस. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि मंडळींनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात वरच्या पायरीवर दोनच बसल्या, स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराने उजळणी. पुन्हा पुन्हा वाचणं आणि हायलायटर मारणं तळाच्या गटात. हायलायटरचं सांगितलं तेव्हा वर्गातल्या एका पोरीने तिची पिवळी-गुलाबी वही हळूच बाकाखाली सरकवली.

एबिंगहाउसला (१८८५) इथेच आणा. त्याने स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरं पाठ करून, आणि एका दिवसाने पाठांतरातली बचत, म्हणजे तेच परत पाठ करताना वाचलेला वेळ, ३४ टक्क्यांपर्यंत उतरलेली होती. वर्गात करायचं असेल तर निरर्थक शब्द तुम्हीच बनवून न्या, पोरांना बनवायला सांगू नका, मराठीत व्यंजन-स्वर-व्यंजन जोडलं की काहीतरी अर्थ निघतोच, नाहीतर कोणाचं तरी आडनाव निघतं आणि वर्ग हसत बसतो.

आणखी एक कबुली. मी पाच-सहा वर्षं दरवर्षी ‘तुम्ही दृश्य, श्राव्य की कृतिप्रधान’ अशी प्रश्नावली भरून घ्यायचे आणि पोरांना तसं सांगायचे, तू श्राव्य आहेस, तू ऐकून शीक. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासून सांगितलं होतं की त्या त्या शैलीनुसार शिकवलं की जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही. मी वाचलं बऱ्याच उशिरा. एका पोराने मला सांगितलं होतं, मॅडम मी श्राव्य आहे म्हणून मी वाचत नाही. ते अजून टोचतं. आजही ट्रेनिंगांमधून हे सर्रास सांगतात, तुम्ही सांगू नका.

प्रॅक्टिकल आणि जर्नल

जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, काय असते ते सगळ्यांना माहितीये. मागच्या वर्षीच्या दादाचं जर्नल, त्यातला विदा (आकडे), नावं बदललेली, आरशात बघून तारा गिरवायला लागलेला वेळ सेकंदासकट तोच. पोरं लबाड आहेत म्हणून असं होत नाही, आपण निष्कर्ष ‘बरोबर’ आला तरच मार्क देतो म्हणून होतं. गृहीतक सिद्ध झालं नाही तर पोराला वाटतं आपलं चुकलं, मग तो आकडे ‘दुरुस्त’ करतो. पहिल्या प्रॅक्टिकललाच स्पष्ट सांगा, उलटा निष्कर्ष आला तरी पूर्ण मार्क, पण असं का झालं असेल ते लिहायचं, आणि मार्क चर्चेला. आमच्याकडे एकदा अवधानाच्या प्रयोगाच्या वेळी शेजारच्या मैदानात कबड्डी चालू होती, सगळ्या प्रयुक्तांचे (प्रयोगात भाग घेणाऱ्यांचे) आकडे विचित्र आले, आणि त्या वर्षीची ती चर्चा सगळ्यात झकास लिहिली गेली.

उपकरणं नाहीत म्हणून अडून बसू नका. स्ट्रूपसाठी (मूळ १९३५) एक ड्रॉइंग पेपर आणि चार स्केचपेन लागतात, लाल हा शब्द हिरव्याने, निळा शब्द लाल रंगाने, असे तीसएक, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, वेळ मोबाईलवर. आणि देवनागरीतच लिहा, इंग्रजी शब्द लिहिले तर गोंधळ कमी होतो कारण ते वाचायलाच वेळ लागतो, वाचन सवयीचं नसेल तर शब्द आडवा येतच नाही. हाच फरक मुद्दाम मोजायला लावा, अर्धे मराठी तक्त्यावर, अर्धे इंग्रजी. सिलॅबसात नाही, पण स्वयंचलित प्रक्रिया म्हणजे काय ते एका फटक्यात कळतं.

लॉफ्टस आणि पामरचा (१९७४) प्रश्नातल्या शब्दाने आठवण बदलते तो प्रयोग पण वर्गात होतो. एखादी अपघाताची क्लिप दाखवा, आणि अर्ध्या वर्गाच्या चिठ्ठीवर ‘गाड्या धडकल्या तेव्हा’ तर अर्ध्यांच्या चिठ्ठीवर ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ वेग किती होता असं विचारा. मूळ प्रयोगात ‘स्मॅश्ड’ला सरासरी ताशी ४०.८ मैल आणि ‘कॉन्टॅक्टेड’ला ३१.८ आले होते. क्लिप सौम्य घ्या बरं का, वर्गात कोणाच्या घरी काय घडलंय आपल्याला माहीत नसतं.

त्यावरूनच, चाचण्या. व्यक्तिमत्त्वाची असो, चिंतेची असो, गुणांक वर्गात मोठ्याने वाचायचे नाहीत, यादी लावायची नाही, आणि नैराश्याची प्रश्नावली ‘प्रॅक्टिकल’ म्हणून पहिल्या वर्षाला भरायला देऊच नका. दिलीत आणि कोणी धोक्याच्या विधानावर खूण केली तर तुम्ही त्या संध्याकाळी काय करणार आहात हे आधी ठरवलंय का? नसेल तर नका देऊ. आणि अपसामान्य मानसशास्त्र सुरू झालं की पंधरा दिवसांत अख्खा वर्ग एकमेकांना बायपोलर आणि ओसीडी म्हणायला लागतो, तेव्हा एक नियम घालून द्या, या वर्गात निदान फक्त पुस्तकातल्या केसचं होईल, बाकावरच्या माणसाचं नाही.

जुन्या प्रसिद्ध प्रयोगांबद्दल थोडं. पेपरात येतात म्हणून शिकवावेच लागतात, पण शेजारी दुसरा रकाना आखा, ‘पुढे काय झालं’. मिलग्रामचा, हुकमावरून समोरच्याला विजेचे (खरे तर खोटे) झटके द्यायचा प्रयोग, ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, हे पहिल्या रकान्यात. विद्यार्थ्यांनाच कैदी आणि रक्षक बनवलेला स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा प्रयोग १९७१ चा, दुसऱ्या रकान्यात हे की रक्षकांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या असं २०१८ च्या आसपास कागदपत्रांतून पुढे आलं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तर जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच लक्षणीय निकाल आला, हेही सांगा. पोरं विचारतात मग हे सगळं खोटं का मॅडम. नाही बाबा, जो विषय स्वतःच्या चुका मोजतो त्याला खोटं म्हणत नाहीत.

जी पोरं दिसेनाशी होतात

आता शिकवण्याइतकंच महत्त्वाचं. नापास होणारं पोरगं मार्चमध्ये नापास होत नाही, ते ऑगस्टमध्येच गायब झालेलं असतं. त्यामुळे मेंटॉर-मेंटीची फाईल नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) भरायचीच आहे तर खरी भरा. माझी पद्धत साधी, पहिल्या तीन आठवड्यांत जे सलग तीन तास नाहीत त्यांच्या नावापुढे टिंब. चौथ्या आठवड्यात त्या टिंबांना गाठायचं, ऑफिसात बोलवून नाही, व्हरांड्यात किंवा एसटी स्टँडवर, उभ्या उभ्या.

विचारायचं कसं त्यातच सगळं आहे. ‘का येत नाहीस?’ म्हटलं की मान खाली, ‘बरं नव्हतं मॅडम’, संपलं. त्याऐवजी मी विचारते, तुझी गाडी कुठली रे? मग कळतं की गावातून सकाळची एकच गाडी, ती आठला सोडते, दुसरी थेट साडेदहाला, आणि पेरण्या चालू असल्यामुळे आठची मिळत नाही. आता या पोराला तुम्ही ‘जिद्द ठेव’ म्हणून काय होणार? त्याला पहिला तास बुडाला तर त्या तासाचा आठवून लिहिलेला कागद कोणाकडून घ्यायचा ते ठरवून द्या, तेवढ्याने तो धरून राहतो. कोणाचं स्कॉलरशिपच्या फॉर्मचं अडलेलं असतं, आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून, ते क्लार्ककडे सोबत जाऊन दहा मिनिटांत सुटतं आणि पोरगी कॉलेजात टिकते. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आपल्या कॉलेजात चालू आहे का, ते आधी स्वतः माहीत करून घ्या, बऱ्याच प्राध्यापकांना पत्ताच नसतो. यात मानसशास्त्र कुठे आलं असं वाटेल, पण वर्तनाचं कारण माणसाच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थिती बघायचीच नाही या चुकीला आपणच वर्गात नाव देऊन शिकवतो ना.

मग ‘मी इथला नाही’ हे वाटणं. वॉल्टन आणि कोहेन यांनी (२०११) अमेरिकेतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना तासाभरात एवढंच पोचवलं की सुरुवातीला परकं वाटणं सगळ्यांना होतं आणि ते जातं, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले. ते तिथलं, जसंच्या तसं इकडे उतरेल असं मी म्हणत नाही. पण मी ऑगस्टमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन-तीन पोरं वर्गात आणते, टॉपर नाही, मुद्दाम एटीकेटी सोडवलेली, आणि ती सांगतात की पहिले दोन महिने आम्हाला पण काही कळत नव्हतं, डबा एकटेच खायचो. प्राचार्यांच्या स्वागत भाषणापेक्षा हे जास्त चालतं.

ग्रोथ माइंडसेटचे (मेहनतीने बुद्धी वाढते या विश्वासाचे) पोस्टर लावायला माझी हरकत नाही, पण २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात त्याचा परिणाम फार छोटा निघाला. ‘तू करू शकतोस’ म्हणून पोरगं घरी गेलं तरी पुस्तक उघडून नेमकं काय करायचं ते त्याला कुठे माहीत असतं? म्हणून पहिल्या इंटर्नलचे पेपर परत देताना एक चिठ्ठी देते, तीन प्रश्न. अभ्यास कधी सुरू केला, कसा केला (वाचून, लिहून, का न बघता आठवून), आणि कुठले मार्क गेले, माहीत नव्हतं म्हणून का प्रश्न कळला नाही म्हणून. खाली एक ओळ जर-तरची, गोल्विट्झरने १९९९ मध्ये मांडलेली ती. ‘जास्त अभ्यास करीन’ चालणार नाही, ‘स्टँडवर गाडीची वाट बघताना बाकावर बसलो की कालच्या तासाचा कागद न बघता म्हणून बघीन’ चालेल. ती चिठ्ठी दुसऱ्या इंटर्नलच्या पंधरा दिवस आधी त्यांना परत द्यायची. स्वतःच्या अक्षरातलं वाचून चेहरे जे होतात!

तुम्ही समुपदेशक नाही

मानसशास्त्राचा मास्तर म्हणजे फुकटचा कौन्सेलर असं सगळं कॉलेज धरून चालतं, प्राचार्यसुद्धा. पोरं येतील, दार लावून रडतील, ऐकून घ्या, पण ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधी देऊ नका. म्हणा, तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला कोणाला तरी सांगावं लागेल, बाकी तुझं माझ्यापाशी. आणि जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ शब्दांत विचारा, विचारल्याने तो डोक्यात घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, घरच्या भरवशाच्या माणसाला बोलवायचं, आणि सरकारी किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जायचं, नुसता पत्ता हातात देऊन नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा बसून तो नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावला, कोणाला लागला कोणाला नाही हे विचारायचं नसतं.

करिअरचंही खरं सांगा. बी.ए., एम.ए. मानसशास्त्र केलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते आणि ती आरसीआयने मान्य केलेला कोर्स केल्यावरच मिळते. हे पोरांना तिसऱ्या वर्षी कळलं तर शिव्या तुम्हालाच बसतील.

हं, तर ती फोनवाली. चार दिवसांनी तिचा परत फोन, ‘झोप’ निम्म्याला थोडे कमी जणांनी लिहिलं म्हणाली, वर्ग जाम भांडला, आणि एका पोराने ‘गजर’च्या जागी ‘कोंबडा’ लिहिलाय, त्याचं काय करू, चूक धरू का? म्हटलं त्याला विचारलंस का? विचारलं म्हणे, तर तो म्हणाला आमच्याकडे कोंबड्यानेच उठतात. मग म्हटलं तो कागद नीट जप. १९३२ मध्ये बार्टलेटने इंग्रज वाचकांना एक परक्या मुलखातली गोष्ट वाचायला देऊन परत सांगायला लावली तर त्यांनी त्यातली कनू (तिथली होडी) काढून साधी बोट करून टाकली होती, ते प्रकरण तुला डिसेंबरात घ्यायचंय, तेव्हा आधी तो कोंबडा काढ, बार्टलेट मागून घे.